बॉर्डरवरची शुगर आणि कंसातला तंबाखू

प्रश्न: ताई नमस्कार. आमच्या ह्यांचं वय ४८, साखर कारखान्यात अकाउंट्सला आहेत. गेल्या महिन्यात विम्याच्या चेकअपमध्ये फास्टिंग ११४, पीपी १६८ आणि एचबीए१सी ६.२ आलं, कागदावर प्रीडायबेटिक असं छापून आलंय. ह्यांना त्रास काहीच नाही, अंगाने बारीकच आहेत, ७० किलो, थोडं पोट आहे तेवढंच. सासूबाई म्हणतात आमच्यात कुणालाच साखर नाही, लॅबवाल्यांनी घोळ घातला असेल. मी नेटवर वाचलं की अशा लोकांना हार्टने जाण्याचा धोका अडीचपट असतो, तेव्हापासून माझी झोप उडालीय. भात बंद केला, साखर बंद, चहात गूळ घालते, सकाळी मेथीचं पाणी देते. ग्लुकोमीटर आणलाय, दिवसातून चार-पाच वेळा बघते, कधी १०२ कधी १३०, त्यावरून रोज वाद. ह्यांचे वडील ५२ व्या वर्षी अटॅकने गेले. गोळी आत्ताच चालू करावी का? मलाही धाकटीच्या वेळी पोटुशी असताना शुगर झाली होती, डिलिव्हरीनंतर गेली, त्यामुळे पथ्य मला नवीन नाही. (बीपी दोन कॅम्पमध्ये १५०/९४ असं काहीतरी आलेलं पण ते टेन्शनमुळे. सिगरेट-दारू काही नाही, फक्त तंबाखू.)
– वाळवा तालुक्यातून एक मैत्रीण

उत्तर:

ताई, आधी ते अडीचपटचं निस्तरू, कारण झोप त्यानेच उडवलीय.

आकडा खोटा नाहीये. ऑस्ट्रेलियात ऑसडायब नावाचा मोठा अभ्यास झाला, देशभरातल्या १०,४२८ लोकांची ग्लुकोज पाजून शुगर तपासली आणि पुढची साधारण पाच वर्षं कोण राहिलं कोण गेलं याची नोंद ठेवली, २००७ मध्ये निकाल छापून आला. त्यात ज्यांची फास्टिंग बॉर्डरवर होती त्यांना हार्ट आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यूचा धोका नॉर्मलवाल्यांच्या अडीचपट निघाला. बातमी करणारे इथेच थांबतात. पण त्या दहा हजार लोकांपैकी पाच वर्षांत या कारणाने गेले किती, तर ८८, म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही. छोट्या आकड्याचे अडीचपट केलेत तरी तो छोटाच राहतो, हे नेटवरचं कुणी सांगत नाही कारण त्याने कुणी क्लिक करत नाही.

नंतर २०२० मध्ये जगभरचे १२९ अभ्यास एकत्र करून बघितले, एक कोटीच्या वर माणसं झाली ती, आणि तिथे अडीचपट वगैरे काही राहिलं नाही. प्रीडायबेटिस असणाऱ्यांना हार्ट आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराचा धोका सुमारे १५ टक्क्यांनी जास्त, म्हणजे दहा हजार लोक वर्षभर बघितले तर त्यांच्यात साधारण ९ केसेस जास्तीच्या. तर रात्री झोपा.

पण आता उलटं ऐका, कारण सासूबाईंसारखं हे झटकूनही टाकता येत नाही. त्याच ऑस्ट्रेलियन अभ्यासात हार्टने जे गेले त्यांच्यातल्या ६५ टक्के लोकांची शुगर सुरुवातीलाच बिघडलेली होती, कुणाला पूर्ण डायबेटिस, कुणी दाजींसारखे बॉर्डरवरचे. आणि हा काही नवीन लागलेला शोध नाही, लंडनच्या सरकारी कचेऱ्यांमधल्या १८ हजारांवर पुरुष कर्मचाऱ्यांचा व्हाइटहॉल अभ्यास आहे, सगळे चाळीस ते चौसष्टमधले, बहुतेक खुर्चीवर बसून काम करणारे, म्हणजे दाजींचेच भाऊबंद म्हणा, त्यात १९८० सालीच दिसलं होतं की ग्लुकोज प्यायल्यावर ज्यांची शुगर सगळ्यात वरच्या पाच टक्क्यांत होती ते हार्टच्या आजाराने जवळपास दुप्पट प्रमाणात गेले. डायबेटिस अजून झालेला नसतानाही.

लॅबने घोळ घातला का? फास्टिंग १०० ते १२५, ग्लुकोज पिऊन दोन तासांनी १४० ते १९९, एचबीए१सी (म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या शुगरची सरासरी) ५.७ ते ६.४, ही बॉर्डरची हद्द, आणि दाजींचे तिन्ही आकडे त्यात बसतात. तीन वेगवेगळ्या तपासण्या एकाच दिशेला बोट दाखवतायत म्हटल्यावर लॅबला दोष देण्यात अर्थ नाही. फक्त एक करा, पीपी म्हणजे त्यांनी घरून पोहे नाहीतर उप्पीट खाऊन दोन तासांनी रक्त दिलं असणार, आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तसंच चालतं, पण हद्दीचा जो आकडा मी वर दिला तो ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायल्यावरचा आहे. पुढच्या वेळी तशी टेस्ट करून घ्या. युरोपातल्या डीकोड नावाच्या अभ्यासात मृत्यूच्या धोक्याचा अंदाज फास्टिंगपेक्षा या दोन तासांच्या आकड्यावरून जास्त चांगला आला होता, म्हणून सांगतेय.

आणि बारीक आहेत ना, मग कसं काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही पण पत्रात तो आहेच. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आयुष्यभर याच गोष्टीवर काम केलंय. २००४ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरांच्या नियतकालिकात त्यांचा आणि इंग्लंडच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशोबाने वजन, सेम टु सेम २२.३, दिसायला दोघं सडपातळ, आणि शरीरातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि आपले याज्ञिक २१.२ टक्के! आपली जात अशीच आहे हो, हातपाय काड्या आणि चरबी सगळी पोटात, लिव्हरभोवती. म्हणून वजनकाटा बघून खूश होऊ नका, टेप घ्या आणि बेंबीजवळ कंबर मोजा, आपल्या पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत पाहिजे आणि बायकांना ८०. पँटचा नंबर सांगू नका मला, ती पोटाच्या खाली बांधतात सगळे.

ही पोटातली चरबी इन्शुलिनला दाद देत नाही, मग शरीर आणखी इन्शुलिन काढतं, लिव्हर रक्तात ट्रायग्लिसराइड सोडत राहतं, चांगलं कोलेस्ट्रॉल खाली जातं, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर खराब व्हायला लागतं, बीपी चढतं. शुगर थोडी वाढलेली दिसते ते या सगळ्यातलं एक बाहेर आलेलं टोक. अटॅक किंवा पॅरालिसिसचा झटका येतो तो या अख्ख्या टोळीमुळे, ११४ फास्टिंगमुळे एकट्याने सहसा नाही.

म्हणून ताई, खरं सांगू का, तुमच्या पत्रातली मला घाबरवणारी ओळ तुम्ही कंसात टाकलीय. शुगरवर तुम्ही दहा ओळी लिहिल्यात, मेथीपासून ग्लुकोमीटरपर्यंत सगळं केलंत, आणि १५०/९४ ला “असं काहीतरी” म्हणून सोडून दिलंत. वडील ५२ ला गेलेत, दाजी ४८ चे आहेत, बीपी दोनदा वर आलंय आणि तंबाखू चालू आहे. मला त्यांची शुगर शेवटी दिसते.

बीपीचं आधी. टेन्शनमुळे आलं असेल, येतं तसं कॅम्पमध्ये, पण मग ते घरी मोजून सिद्ध करा ना. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांवर पैसे घालताय त्यात बीपीचं मशीन येतं, दंडाला पट्टा बांधायचं घ्या, मनगटाचं नको. सकाळी आणि रात्री, पाच मिनिटं गप्प बसवायचं, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, आणि त्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू काही नाही. मिनिटभर सोडून दोन रीडिंग, असं आठवडाभर वहीत लिहा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्या आणि बाकीच्यांची सरासरी काढा, अकाउंटचा माणूस आहे घरात तो काढेल. घरच्या मोजणीत १३५/८५ किंवा त्याच्या वर सरासरी आली तर ते टेन्शन नाही, बीपी आहे, वही घेऊन डॉक्टरकडे जा आणि गोळी दिली तर घ्या, “एकदा चालू केली की आयुष्यभर” असलं काही ऐकून घरी परत येऊ नका. वरचं बीपी १० अंकांनी खाली आणलं तर हार्ट-पॅरालिसिसचे मोठे प्रसंग साधारण पाचव्या हिश्शाने कमी होतात, हे लाखो लोकांवरच्या ट्रायल्समधून आलेलं आहे. जास्तीच्या त्या १५ टक्क्यांच्या शेजारी ठेवून बघा हे.

मिठाचंही बघा. दिवसाला माणशी पाच ग्रॅमच्या आत म्हणजे एक सपाट छोटा चमचा, त्यात लोणचं, पापड, शेंगदाण्याची चटणी, फरसाण सगळं आलं. तुमच्या भागात तांबड्या रश्श्यावर वरून मीठ घेणारी माणसं मी बघितलीयत, काय बोलणार.

आता “फक्त तंबाखू”. अहो, बावन्न देशांत इंटरहार्ट नावाचा अभ्यास झाला, त्यात चघळायच्या तंबाखूने पहिल्या अटॅकचा धोका दुपटीहून जास्त निघाला. त्याच अभ्यासात आपल्या दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक सरासरी ५३ व्या वर्षी येताना दिसला, बाकीच्या जगात ५९ च्या आसपास. सासरे ५२ ला गेले हे नशीब म्हणून सोडून देऊ नका, ते तंबाखू खायचे का विचारा सासूबाईंना, मला उत्तर माहीत असल्यासारखं वाटतंय. दाजी म्हणतील सकाळी बार भरल्याशिवाय पोट साफ होत नाही, हे कारण मला दर आठवड्याला ऐकायला मिळतं, कोमट पाणी आणि जेवणात कोशिंबीर-उसळ वाढवली की बहुतेकांचं पोट दोन-तीन आठवड्यांत स्वतःचं स्वतः चालायला लागतं. तलफेसाठी निकोटिनचं च्युइंगगम मेडिकलमध्ये मिळतं, ते सुपारीसारखं सारखं चघळायचं नसतं, सावकाश थोडं चावून गालात धरायचं, नाहीतर उचकी लागते नि माणूस पहिल्याच दिवशी फेकून देतो. आणि १८००-११-२३५६ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, तंबाखू सोडवायला फोनवर मदत करतात, पुडीवरच छापलेला असतो तो, रोज हातात धरून कुणी वाचत नाही इतकंच. तुम्ही मागे लागून सुटणार नाही हे मात्र आत्ताच सांगते, ऑफिसमधला जो जोडीदार एकत्र मळतो त्याला यात घ्यावं लागेल.

तिसरं, लिपिड प्रोफाइल. पत्रात कोलेस्ट्रॉलचा एकही आकडा नाही, म्हणजे केलेलंच नसणार. एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल), एचडीएल (चांगलं), ट्रायग्लिसराइड बघून घ्या, सोबत किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन. वडिलांचा इतिहास आहे म्हटल्यावर डॉक्टर कदाचित स्टॅटिन, म्हणजे कोलेस्ट्रॉलची गोळी, देतील. तेव्हा कुणीतरी ग्रुपवर टाकेलच की स्टॅटिनने शुगर वाढते. हो, किंचित वाढते, खरंय. पण एलडीएल ३९ अंकांनी खाली आलं की मोठे झटके पाचव्या हिश्शाहून थोडे जास्तच कमी होतात, तेव्हा एचबीए१सी एखाद्या दशांशाने वर गेलं म्हणून रडत बसायचं नाही.

गोळीचं विचारलंत, म्हणजे मेटफॉर्मिन. डायबेटिस पुढे ढकलण्यासाठी तिचा उपयोग होतो, चेन्नईत आपल्याच बॉर्डरवरच्या लोकांवर इंडियन डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम झाला, ५३१ जण, तीन वर्षं, नुसतं सोडून दिलेल्यांत ५५ टक्क्यांना डायबेटिस झाला आणि चालणं-खाणं सुधारलेल्यांत ३९, गोळीवाल्यांत ४०, दोन्ही केलेल्यांतही ३९च. म्हणजे गोळी आणि चालणं तोडीस तोड, एकत्र करून जास्तीचं काही हाती लागलं नाही. हार्टचं म्हणाल तर अमेरिकेत अशाच लोकांना २१ वर्षं बघितलं आणि मेटफॉर्मिनने अटॅक-झटके कमी झाल्याचं दिसलं नाही. तिथे चालण्या-खाण्याच्या गटातही दिसलं नाही, लपवत नाही, पण मधल्या काळात सगळ्याच गटांतले लोक बीपीच्या आणि कोलेस्ट्रॉलच्या गोळ्या घेत होते, त्यामुळे फरक पुसला गेला असावा असं ते संशोधकच म्हणतात. मला त्यातून उलट हेच दिसतं की बीपी आणि कोलेस्ट्रॉल धरून ठेवलं की निम्मी लढाई तिथेच.

फरक दिसला तो चीनमध्ये. दाचिंग म्हणून तेलाच्या विहिरींचं गाव आहे, तिथे १९८६ मध्ये बॉर्डरवरच्या ५७७ लोकांना घेतलं, काही दवाखान्यांत खाणं, काहींत व्यायाम, काहींत दोन्ही, सहा वर्षं फक्त, आणि काहींत काहीच नाही. २३ वर्षांनी मोजलं तर काहीच न केलेल्यांपैकी शंभरातले जवळपास २० हार्ट-पॅरालिसिसने गेले होते, आणि केलेल्यांपैकी १२. डायबेटिस सरासरी चार वर्षं पुढे गेला. जिम नाही, प्रोटीन पावडर नाही, चालणं आणि ताटात थोडा फेरफार. तर दाजींना गोळी द्यायची की नाही हे त्यांच्या डॉक्टरांनी ठरवू दे, पण चालणं पर्यायाला टाकायचं नाही. आठवड्याला १५० मिनिटं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, आणि आठवड्यातून दोन दिवस जोर-बैठका. गळीत हंगाम सुरू झाला की वेळ मिळत नाही म्हणतील, हंगामात कारखान्याच्या आवारातच जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं दोन फेऱ्या मारायला लावा, जेवणानंतरची शुगर त्याने चांगली खाली येते.

स्वयंपाकघरात तुम्ही जरा जास्तच कडक झालायत. भात परत आणा, एक वाटी, आमटी-उसळीबरोबर. भात बंद करून त्या जागी चार भाकऱ्या वाढत असाल तर पिठाचा हिशोब तोच राहिला, ज्वारी असली तरी. ताटात डाळ, कडधान्य, अंडी, मासे, दही, पालेभाजी जास्त आणि पीठ-भात मिळून कमी, एवढं धरा. गूळ काढून टाका, गूळ म्हणजे साखरच, कारखान्यातल्या माणसाला हे समजावायला लागू नये! मेथीचं पाणी द्यायचं तर द्या, नुकसान नाही, पण ते दिलं म्हणून बाकीचं झालं असं नका समजू.

आणि तो ग्लुकोमीटर कपाटात ठेवा. बॉर्डरवरच्या माणसाला रोज बोटं टोचायची गरज नसते, चांगल्या मशीनमध्येसुद्धा १५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे खरी ११४ असेल तर मशीन ९७ पासून १३१ पर्यंत काहीही दाखवू शकतं, आणि तुमचे रोजचे वाद त्या फरकावरच चाललेत. तीन-चार महिन्यांनी एचबीए१सी परत, सुधारलं तर मग वर्षातून एकदा.

एवढं मात्र सगळ्या घराला सांगून ठेवा. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चालताना धाप, अचानक दरदरून घाम, किंवा तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलताना जीभ अडखळणं, असं काही झालं तर गॅस झाला म्हणून सोडा-ओवा देत बसायचं नाही, लगेच १०८ ला फोन. चालताना पोटऱ्या भरून येत असतील आणि थांबल्यावर बरं वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, पायाच्या रक्तवाहिन्यांचं असू शकतं. रोजची अ‍ॅस्पिरिन मनाने चालू करू नका.

राहिलं तुमचं. गरोदरपणातली शुगर डिलिव्हरीनंतर गेली म्हणालात, त्यानंतर कधी तपासली का? अशा बायकांना पुढे डायबेटिस व्हायचा धोका कितीतरी पटीने जास्त असतो, आणि हार्टचा जवळपास दुप्पट, मधल्या काळात डायबेटिस झाला नाही तरी साधारण दीडपट. दाजींचा कागद घेऊन तुम्ही जागताय आणि तुमचा स्वतःचा कागदच नाहीये. हिमोग्लोबिन पण करा, आयर्न कमी असेल तर एचबीए१सी उगाच जास्त येतं, म्हणून तुम्ही ग्लुकोज पिऊनच टेस्ट करा. फुकटात हवं असेल तर तिशीवरच्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, आशाताईंना विचारा. लॅबला दोघं एकाच दिवशी उपाशीपोटी जा, रिपोर्ट आले की मला पाठवा, वहीतल्या बीपीच्या पानासकट. आणि बीपीचं मशीन घरात आलं की सासूबाईंचंही मोजून टाका.